रेघाबाईंचा नियम

माझी धाकटी जाऊ शाळेत चित्रकला शिकवते. मुलं तिला रेघाबाई म्हणतात, आणि ते नाव तिला आमच्या आडनावापेक्षा जास्त शोभतं. तिच्या तासाला ना फुलदाणी, ना डोंगरामागचा सूर्य. तळहाताएवढा चौकोनी कागद, एक काळं पेन, आणि एकच आकार सावकाश, पुन्हा पुन्हा काढत राहायचा: लाटा, खवले, जाळी. रेघ चुकली तर तिच्या शेजारी तशीच दुसरी काढायची. थोड्या वेळात ती वानरसेना अशी गप्प होते की शिपाई दार उघडून बघतो, सगळे आहेत ना म्हणून.

मी एकदा म्हटलं, "नुसत्या रेघोट्या मारायला पगार देतात होय गं तुला?" तर तिने मलाच बसवलं. पेन फिरता फिरता मी नवऱ्याबद्दल असं काही बोलून गेले, जे सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. हात गुंतला की तोंड सुटतं. मुलांचंही तेच होतं, म्हणून तिचा नियम होता: रेघा काढताना जे बोललं जाईल ते त्या खोलीबाहेर जाणार नाही. बाईसुद्धा कुणाला सांगणार नाहीत.

तिसरीतली एक मुलगी कागदभर बारीक खिडक्या काढायची आणि एकेक काळी भरून टाकायची. एके दिवशी मान वर न करता म्हणाली, "बाबा आईला मारतात ना, तेव्हा मी कपाटात बसते."

हे पोटात ठेवून चालणार नाही असं जावेला वाटलं, आणि बरोबरच वाटलं. पण सांगितलं कुणाला? मुख्याध्यापिकेला. दोघी लहानपणी एका बाकावर बसलेल्या. हिच्या बाळंतपणात ती उशाशी होती.

"माझ्यावर सोड गं," ती म्हणाली. "समुपदेशकांना गुपचूप बोलावते." केसाने गळा कापणारी माणसं अशीच गोड बोलतात.

मुलीचे बाबा शाळेच्या समितीचे अध्यक्ष. या बयेने त्यांनाच चहाला बोलावून सगळं सांगितलं, वर म्हणाली, "बाहेर बोभाटा नको, म्हणून आधी तुमच्या कानावर घातलं." तिची मुदतवाढ त्यांच्याच हातात होती. आग लागो त्या खुर्चीला!

हे कळल्यावर जाऊ जाब विचारायला गेली, तर मैत्रीण म्हणे, "तू फार मनाला लावून घेतेस." घरी आल्यावर ती मला म्हणाली, "ताई, परक्याने केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. हिला काय म्हणू?" मी मात्र पोटभर शिव्या दिल्या. मग आम्ही दोघी बालकल्याणच्या कार्यालयात गेलो आणि रीतसर तक्रार केली. पहिल्याच दिवशी जायला हवं होतं तिथे.

पुढच्या तासाला ती मुलगी कोऱ्या कागदापुढे बसली होती. जाऊ तिच्याजवळ खाली बसली.

"बाई, तुम्ही सांगितलंत?" मुलीने विचारलं.

मैत्रिणीचं नाव अगदी ओठांवर आलं होतं, असं जाऊ मला म्हणाली. पण पोरीला त्याचं काय?

"हो," ती म्हणाली.

मुलीने पेनला टोपण लावलं आणि बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.