कापूस भरलेली तीन जाकिटे

प्रौढ साक्षरता वर्गातील आम्हां वयस्कांना बसण्यासाठी अहमदपूरच्या जलील नद्दाफ यांनी छोट्या गाद्या भरून दिल्या, तेव्हा त्यांची व माझी ओळख झाली. साठी उलटल्यावर अक्षरे गिरवणाऱ्यांचे गुडघे दुखू नयेत, एवढी काळजी त्यांनी कोणी न सांगता घेतली होती. पुढे त्यांच्या दुकानावर थांबण्याची मला सवय लागली. एका रविवारची हकीकत त्यांनी मला तेथे थोडी थोडी करून सांगितली. ती मी जमेल तशी लिहीत आहे.

जलीलभाईंचे दुकान मोंढ्याच्या, म्हणजे घाऊक बाजाराच्या, रस्त्यावर होते. वडील धनुकलीने कापूस पिंजत. जलीलभाईंनी यंत्र आणले. घराण्याचा एक नेम मात्र त्यांनी मोडला नाही. चपटी वस्तू दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही. गिऱ्हाईक बोलले नसले तरी ते मूठभर कापूस जास्त घालीत.

१९९३च्या भूकंपाला दहा वर्षे होत आली होती. लातुरात शिकवणी वर्गांना मुलांची रीघ लागली होती आणि त्या मुलांच्या सहली जवळच्या धरणाच्या जलाशयावर येऊ लागल्या होत्या. राजशेखर नावाच्या तरुणाने तेथे कयाक, म्हणजे एकेकट्याने वल्हवायच्या अरुंद होड्या, सुरू केल्या. पाण्यात पडल्यास माणूस तरंगावा म्हणून घालायची बारा जाकिटे त्याने दुकानात आणून टाकली.

"चाचा, पट्टे तेवढे घट्ट शिवा. बाकी काय न्हाई."

पट्टे शिवताना त्यांतील तीन जाकिटे जलीलभाईंच्या डोळ्यांना खुपली. आतल्या फोमचा चुरा झाला होता. त्यांनी तो झटकून टाकला, नवा पांढरा कापूस ठासून भरला आणि वरून गादीला घालतात तसे टाके घातले. शनिवारी राजशेखर आला, तो बघतच राहिला.

"ही तर दुकानातून आणल्यावाणी दिसायलीत."

जलीलभाई समाधानाने हसले. आत काय आहे, हे त्याने विचारले नाही आणि यांनीही सांगितले नाही.

रविवारी सकाळी त्यांच्या पत्नी वहिदाबी अंगणात गोधडी धूत होत्या.

"ऐकलं का, जरा हात लावा. पाणी पिऊन नुसता धोंडा झालीय."

जलीलभाईंनी एक टोक उचलले आणि ते तसेच उभे राहिले. भूकंपाच्या वेळी ते मदतीला गेले होते. तेव्हा पाऊस लागला होता, आणि ढिगाऱ्यातली एक भिजलेली गादी बाजूला करायला चार माणसे लागली होती.

"काय झालं?"

"त्या जाकिटांत मी कापूस भरलाय."

"कंच्या?"

"पाण्यात घालायच्या."

वहिदाबींनी आपले टोक सोडून दिले. "मग हितं काय उभे? जावा."

स्टँडबाहेर गुंडप्पाची काळी-पिवळी जीप अर्धी रिकामी होती.

"चाचा, तीन सीट येऊ द्या की. एवढी घाई कशाची, जावई आलाय का?"

"लेकरं पाण्यात हायेत, गुंडप्पा. माझ्या हातचं जाकीट घालून."

 गुंडप्पाने तशीच जीप काढली.

 कापूस किती दिवसांत वाळतो, किती पिंजल्यावर फुलतो, हे जलीलभाईंना ठाऊक होते. तो किती वेळात बुडतो, हे जाणून घेण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

जलाशयावर सगळीकडे नारिंगी जाकिटेच दिसत होती. परंतु स्वतःचा टाका माणूस लांबूनही ओळखतो. काठावर उभ्या असलेल्या दोघींच्या अंगावर तो होता. तिसरे जाकीट दूर पाण्यात होते.

"राजशेखर, टाक्यांची जाकिटं उतरव. आत कापूस हाय."

"मस्करी करता का, चाचा?"

"न्हाई."

राजशेखरने त्या दोघींची जाकिटे उतरवून घेतली, फोमचे एक जाकीट गळ्यात अडकवले आणि होडी पाण्यात लोटली. दूरवरची ती मुलगी मैत्रिणीच्या अंगावर वल्ह्याने पाणी उडवीत होती. तिची होडी डुलत होती. हाक ऐकून ती वळली तर होडी उलटेल, या भीतीने जलीलभाईंनी तोंडावर हात दाबून धरला. त्यांना पोहता येत नव्हते, तरी ते चपलांसह गुडघाभर पाण्यात शिरले होते.

राजशेखर तिला जपून काठाला घेऊन आला आणि त्याने तिचे जाकीट उतरवून घेतले. तिचे नाव अंजू.

"माझंच का काढलं? सगळ्यांत मऊ हेच होतं. मी भांडून घेतलंय."

राजशेखरने ते जाकीट पाण्यात टाकले. थोडा वेळ ते तरंगले.

"बघा, तरंगतंय की," अंजू म्हणाली.

मग त्याची एक बाजू कलली. नारिंगी रंग मळकट होत खाली गेला. अंजू काठावरच बसली.

"मी आत बघितलंच न्हाई, चाचा," राजशेखर म्हणाला.

"मी तरी कुठं सांगितलं?"

त्या दिवशी पुन्हा होडी सुटली नाही. पुढे राजशेखर प्रत्येक जाकीट पाण्यात दाबून पाहिल्याशिवाय कोणाच्या अंगावर चढवीत नसे. जलीलभाई गाद्या भरत राहिले. मूठभर जास्त घालण्याआधी मात्र ते आता गिऱ्हाइकाला विचारू लागले.

मला जोडाक्षरे लिहिता येऊ लागली, त्या आठवड्यात त्यांनी माझ्यापुढे एक पुठ्ठा ठेवला.

"शेषेराव, ह्याच्यावर ठळक लिहून द्या. पाण्यात घालायचं जाकीट हितं भरून मिळणार न्हाई."