चाकावर तांब्याभर पाणी

अवधूतची गाडी पुन्हा माझ्या भवानी पेठेतल्या गॅरेजात आली तेव्हा माझं डोकंच फिरलं. दुखणं तेच. पोरगा रोज तुळजापूरची भाडी मारतो. "हारूनचाचा, घाटात ब्रेक दाबला की पायडल पायाखाली थरथरतंय. स्टेअरिंगबी हलतंय."

"ब्रेकवर पाय ठेवूनच घाट उतरत असशील. गियरमध्ये उतर म्हणून किती बोंबलायचं रे मी?"

"आईशप्पत, चाचा. गियरमध्येच उतरतोय की."

पुढची चाकं काढली. पहिल्या खेपेला ब्रेकच्या डिस्क, चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या, लेथवर घासून सपाट केल्या होत्या, दुसऱ्या खेपेला नव्याच बसवल्या होत्या. त्याही वाकड्या झालेल्या, आणि उजवीला आता केसाएवढी चीर होती. भर घाटात डिस्क तुटली असती तर सात-आठ माणसं दरीत गेली असती.

त्याच घाटात ह्याचा बाप गेला. गंगाधर, माझा जिगरी दोस्त. उतारावर त्याच्या जीपचा ब्रेक लागलाच नाही. यशोदावहिनींनी चादरींच्या कडा शिवून पोराला वाढवलं. कुणापुढं हात पसरला नाही की रडगाणं गायलं नाही. पोरानं स्टेअरिंग धरलं तेव्हा मात्र दोन दिवस जेवल्या नाहीत. बाई लई खमकी, पण संध्याकाळी गाडीचा आवाज येईपर्यंत उंबऱ्यावरून हलत नाहीत.

नव्या डिस्क घातल्या आणि म्हटलं, आज मीच येतो बरोबर, बघू काय गोम आहे ती. गाडी तुळजापूरला जाऊन आली. पोरगं गियरमध्येच उतरलं, पायडल जराही थरथरलं नाही. मग डिस्क बिघडवतंय तरी कोण? मला भीती वाटायला लागली. परतताना शहरातल्या गर्दीत सारखा ब्रेक दाबावा लागला. अवधूतच्या दारात थांबलो तेव्हा चाकांना तापल्याचा वास येत होता.

वहिनी तांब्या घेऊन बाहेर आल्या. पोरावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या पायांवर पाणी घातलं. मग वाकून उरलेलं पाणी पुढच्या चाकांवर ओतलं, आधी उजव्या, मग डाव्या. आत चर्र झालं आणि चाकाच्या फटींतून वाफ निघाली.

"लांबनं शिणून येतंय बिचारं," त्या म्हणाल्या.

मी तांब्या हिसकावून घेतला. माझा आवाज चढला होता. "वहिनी, तापल्या लोखंडावर गार पाणी? त्यानंच वाकतंय ते, चिरतंय. रोज ओतता?"

"रोज. गाडी घेतल्यापासनं."

वहिनी भिंतीला टेकल्या. त्या चाकाकडंच बघत होत्या.

"हारूनभाऊ, ह्यांच्या जीपलाबी मी रोज घालायचे."

जीपची सगळी कामं मीच करायचो.

"तिचे ब्रेक जुन्या पद्धतीचे होते, वहिनी. बंद ड्रमातले. त्याला पाण्यानं काय होत नाही."

"खरं सांगताय?"

"आईशप्पत," मी म्हणालो, आणि तांब्या त्यांच्या हातात परत दिला.

त्या जीपला पुढं डिस्कच होत्या.