तराफ्यावरची फॉर्मल नाइट

आमच्या मामांइतका माणसाला दमवणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि पुढे होईल असंही वाटत नाही. ते स्वतः कधी दमत नसत. त्यांच्या वाट्याचं दमण्याचं काम आम्ही बाकीचे करायचो, आणि त्यातला मोठा हिस्सा माझ्याकडे असे, कारण मी त्यांचा एकुलता एक भाचा. आमच्या खान्देशात भाच्याला देवाच्या जागी मानतात. मामा-मामी भाच्याच्या पाया पडतात, आणि शंभर ब्राह्मण जेवू घातल्याचं पुण्य एका भाच्याला जेवू घालून पदरात पडतं म्हणतात. ऐकायला हे फार बरं वाटतं. पण देवाला पालखीत बसवताना 'तुला यायचंय का' असं कोणी विचारत नाही, तीच माझी गत. नंदुरबारच्या कचेरीत मी कारकून. आठवडाभर मान मोडून काम करावं, जरा पाठ टेकावी म्हणावं, तर पुनवेच्या आदल्या दिवशी हमखास निरोप यायचा, "भाचा, कोट लई ये." मग मी लग्नातला काळा कोट पिशवीत कोंबायचा, एसटीने शहाद्याकडे निघायचं आणि फाट्यावरून बैलगाडीने हाडं खिळखिळी करून घेत मामांच्या गावी पोचायचं.

कोट लागायचा, कारण मामांकडे दर पुनवेला फॉर्मल नाइट असे. ही भानगड समजायला थोडं मागे जावं लागेल. मामा शेतकऱ्याच्या घरातले धाकटे. शेती थोरल्या मामांनी सांभाळली आणि यांचा जीव इंजिनात. कापसातली सरकी काढायच्या जिनात ते इंजिनवाले होते. स्वातंत्र्यानंतर पाच-सात वर्षांनी जिनाच्या शेटजींनी नवीन इंजिन मागवायचं ठरवलं आणि ते शिकून यायला मामांना थेट स्कॉटलंडला धाडलं. तिथे ते एका विधवा म्हातारीच्या घरी राहिले. मामांचं इंग्रजी इंजिनाच्या भागांपुरतं होतं, आणि म्हातारीचं इंग्रजी इतर इंग्रजांनाही कळत नसे असं ते सांगत, त्यामुळे दोघांचं छान जमलं. मामांनी तिचं भिंतीवरचं बंद घड्याळ चालू करून दिलं. निघताना तिने आपल्या नवऱ्याचा किल्ट मामांच्या हाती ठेवला. किल्ट म्हणजे तिकडच्या पुरुषांनी समारंभाला नेसायचा, लोकरीचा, चौकटी-चौकटींचा, गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घेर. त्याबरोबर पुढे लोंबणारी केसाळ पिशवी आणि जाडजूड लांब मोजे. मामांनी ते सगळं प्रसादासारखं कपाळाला लावून घेतलं.

परतीच्या जहाजावर दर आठवड्याला एकदा सगळ्यांनी नटूनथटून जेवायला यायचं, ती फॉर्मल नाइट. पहिल्या वेळी मामा शहाद्याच्या शिंप्याने शिवलेला कोट घालून गेले. दारावरच्या माणसाने कोटाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गोड बोलून त्यांना परत पाठवलं. मामांनी खोलीत बसून बिस्किटं खाल्ली. पुढच्या वेळी ते किल्ट नेसून गेले, तर त्याच माणसाने टाचा जुळवून दार उघडलं. आत एका स्कॉटिश म्हाताऱ्याने उठून विचारलं, की या चौकटी कुठल्या कुळाच्या? मामांनी आपलं कुलदैवत सांगितलं. म्हातारा पुष्कळ वेळ समाधानाने मान हलवत राहिला. तेव्हापासून मामांच्या मनाने घेतलं, की माणसाने समारंभाला जायचं ते किल्टमध्येच.

आणि मामांच्या मनाने एकदा घेतलं की संपलं. पंधरा ऑगस्टला शाळेच्या झेंड्याला किल्ट, साखरपुड्याला किल्ट, जिनाच्या खंडेनवमीच्या पूजेला किल्ट. गावाने पहिल्याच दिवशी त्याचं 'घागरा' असं बारसं करून टाकलं होतं. केसाळ पिशवीत मामांचा अडकित्ता, सुपारी आणि जिनाच्या किल्ल्या असत, त्यामुळे ते चालताना नंदीबैल आल्यासारखा आवाज येई. कळसाडीच्या एका लग्नात तर नवरदेवाच्या काकांनी मामांना लांबून पाहिलं आणि 'वाजंत्री मांडवामागे बसा' म्हणून हात केला. दुसरा कोणी असता तर रुसून निघाला असता. मामा खरंच मांडवामागे गेले, वाजंत्र्यांच्या पंगतीला जेवले, आणि स्कॉटलंडात पिशवी काखेत दाबून सनई कशी वाजवतात हे त्यांना हातवारे करून दाखवत बसले. मुहूर्ताला वाजवायला कोणी जागेवर नव्हतं. त्यांना शोधायला अर्थातच मला पाठवलं.

बरं, किल्टवर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मामांनी जहाजच घरी आणलं होतं. अंगणाला ते डेक म्हणत. बैलगाडीत बसले की गाडीवानाला डावी-उजवी न सांगता पोर्ट आणि स्टारबोर्ड सांगत, आणि बिचारा गाडीवान बैलांच्या मर्जीने जाई. जेवण साहेबी पद्धतीने, एकामागून एक. म्हणजे आधी नुसती कढी, ती वाटी उचलली की नुसतं वांग्याचं भरीत, ते गेलं की मग ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. भाकरी येईपर्यंत भरीत पोटात पोचलेलं असे. मी एकदा भरीत लपवून ठेवायचा प्रयत्न केला, तर मामांनी ताट उचलून नेलं. 'फॉर्मलला असं चालत नाही,' एवढंच म्हणाले.

फॉर्मल नाइट भरायची तापीवर. तेव्हा पूल नव्हता. दोन नावा बांधून वर फळ्या ठोकलेला एक मोठा तराफा होता, त्यावरून गाड्या, बैल, कापसाचे गठ्ठे पलीकडे जात. पावसाळा सोडून दर पुनवेला संध्याकाळी मामा तो तराफा ताब्यात घेत. तेलाच्या पिंपांवर फळ्या टाकून टेबल, त्यावर मामींच्या रुखवतातली चादर, आणि जिनातून आणलेल्या खुर्च्या. नावाड्याला ते कप्तान म्हणत. तो एकदा वैतागून म्हणाला, "अप्पा, कप्तान म्हना का भोई म्हना, बांबू तं मालेच ढकलना पडस." सुरुवातीला हेडमास्तर आणि एक कापूसदलाल हौसेने यायचे. पण काठावरचे डास कोट घातलेल्याला सोडत नाहीत, मग उघड्या गुडघ्यांना काय सोडणार? मामा गुडघे खाजवत जहाजाच्या गोष्टी सांगत, आणि त्या तर सगळ्यांच्या पाठ झालेल्या. हळूहळू हेडमास्तरांना पुनवेला ताप यायला लागला, दलाल गावालाच जायला लागला, आणि शेवटी उरलो मी. देवाला ताप येऊन चालत नाही.

टेबलापाशी मामांच्या शेजारी एक खुर्ची कायम रिकामी असे. तिच्यापुढे ताट मांडलेलं असे. पुष्कळ दिवस मला वाटे, ती त्या स्कॉटिश म्हातारीसाठी असेल. मामांना असलं काहीही सुचू शकत होतं. एकदा कंटाळून मी विचारलंच. जहाजावर सगळे जोडीने जेवायला येत, मामा म्हणाले. "मन्हा शेजारनी खुर्ची खाली व्हती. एक मडम रोज तिनावर आपली पर्स ठेवे. तवाच मी ठरायं, घर गया का तठे तुन्ही मामीले बसाडसू."

मामी कधी तराफ्यावर आल्या नाहीत. सगळा स्वयंपाक त्या करत, डबे घाटावर पोचवत आणि डोक्यावरचा पदर सावरत घरी जात. गाव म्हणे, नवरा घागरा नेसून बसल्यावर कुठली बाई शेजारी बसेल? मामांनाही तसंच वाटे. मला एवढंच माहीत होतं, की किल्टच्या त्या असंख्य चुण्या मामीच बसवत. एकेक चुणी पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायची, ओलं फडकं टाकून कोळशाच्या इस्त्रीने दाबायची, आणि टाके तसेच ठेवून किल्ट कडुनिंबाच्या पाल्यात ट्रंकेत जायचा. पुनवेला सकाळी त्या टाके उसवत. मामांना तेवढंही येत नसे.

मग पुलाचं काम सुरू झालं. खांब वर येत गेले, तसे मामा गप्प होत गेले. पूल झाला की तराफा बंद होणार, नावाडी दुसरीकडे जाणार, आणि खुर्ची रिकामी ती रिकामीच राहणार. एवढं बोलणारा माणूस, पण बायकोला तोंडाने 'ये' म्हणण्याची त्यांना छाती नव्हती. शेवटच्या पुनवेचा निरोप आला. मी कोट घेऊन गेलो आणि घाटावर पाहतो तो मामा पांढरंस्वच्छ धोतर नेसून उभे. मला हलकं वाटायला हवं होतं. पण लग्नाच्या मांडवामागे वाजंत्र्यांत बसूनही न पडलेला त्यांचा चेहरा त्या दिवशी पडलेला होता. माझ्या कानाशी येऊन ते म्हणाले की मामीला नावाड्याच्या पोराबरोबर निरोप पाठवलाय, आज घागरा नाही, आज तरी ये.

मामी आल्या. लग्नातला शालू नेसून, कपाळापर्यंत पदर ओढून घाट उतरल्या. मामांकडे पाहिलं आणि पाण्याच्या कडेला थांबल्या.

"हाई काय नेसी उनात तुमी?" त्या म्हणाल्या. "सकायपाइन मी टाका कोनासाठे उसव्यात?"

"तुले लाज वाटस ना त्यानी?" मामा म्हणाले.

"लाज घागरानी नही. जेठसमोर जेवानी व्हती."

आम्ही दोघांनी वर पाहिलं. घाटाच्या पारावर थोरले मामा रोज संध्याकाळी नदीकडे तोंड करून बसत. थोरल्या दिरासमोर बाईने नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून जेवणं आमच्या घरांत शक्यच नव्हतं, आणि तराफा तर भर चांदण्यात त्यांच्या डोळ्यांपुढे. इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट मामांच्या ध्यानात आली नव्हती, आणि माझ्याही. त्या संध्याकाळी मात्र थोरले मामा पाराच्या पलीकडच्या बाजूला जाऊन, नदीकडे पाठ करून बसले होते. ते कोणाला काही बोलले नाहीत. पण घरातली बाई असल्या पाठीचा अर्थ बरोबर ओळखते.

मामा धावत घरी गेले आणि किल्ट नेसून आले. कप्तानाने बांबू रेटला, तराफा मध्यावर आला, चंद्र वर आला, मामी खुर्चीवर टेकल्या. खुर्चीच्या अगदी कडेला, पण टेकल्या. कढीच्या वाट्या मांडल्या गेल्या आणि तिथे सगळं अडलं. कारण जहाजाच्या नियमाप्रमाणे बाईने घास घेतल्याशिवाय पुरुषाने घ्यायचा नाही, आणि मामींच्या नियमाप्रमाणे नवरा जेवून उठल्याशिवाय बाईने पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. मामा चमचा धरून मामींकडे पाहत होते. मामी ताटाकडे पाहत होत्या. कढीवर साय धरली. माझ्या पोटात कावळे कोकलत होते, डास मानेवर बसत होते, आणि मला मनापासून वाटलं, की हा देवपणा कोणीतरी काढून घ्यावा.

अखेर मामीच बोलल्या. "पहिले भाचाले जेवाडा. देवनी खादं म्हनजे मंग कोनी बी खावो."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरतात बुडवला आणि माझ्या ताटात ठेवला. सगळे नियम मोडून, भाकरी आणि भरीत एकत्र. मी तो घास खाल्ला. मग दोघांनी एकदमच हात घातला. मामी पदराआडून जेवल्या, मामांनी जहाजाची एकही गोष्ट सांगितली नाही. मी आजवर खाल्लेल्या जेवणांत ते सगळ्यात गार जेवण होतं, आणि मला ते फार आवडलं. परतताना मी विचारलं, आता पुढच्या पुनवेला कुठे? मामा म्हणाले, "आते कसाले? बंदर उनं ना आपलं."

त्यानंतर निरोप आला नाही. पुलावरून एसटी धावायला लागली. मामी दोनतीन वर्षांनी साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. मामा अंगणाला अंगण म्हणायला लागले, ते मला मुळीच बरं वाटलं नाही. एका पुनवेला मला कोणी बोलावलेलं नसताना मी कोट पिशवीत घातला आणि गेलो. मामांना म्हटलं, चला, पाराजवळ दोन खुर्च्या टाकू, तुम्ही किल्ट नेसा. त्यांनी नाही म्हटलं नाही. ट्रंक मीच उघडली. वाळलेला पाला बाजूला केला. किल्ट कडक घडीत होता, आणि प्रत्येक चुणीवर पांढऱ्या दोऱ्याचे टाके जागच्या जागी होते. ते उसवल्याशिवाय तो नेसता येत नाही. मी कातरी शोधायला लागलो.

मामांनी माझ्या हातावर हात ठेवला. "टाका तिना हातना शेतस," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

मी किल्ट होता तसा ठेवला आणि अंगणातून कडुनिंबाचा ताजा पाला आणून वर घातला. मग चूल पेटवून दोघांपुरती कढी केली. शेवटची गाडी निघून गेली असेल हे मला माहीत होतं. त्या घरातून निघायची घाई मला पहिल्यांदाच नव्हती.