ठिणगी आणि बार यांच्या मधे

छर्रा करडा होता, थंडगार, ज्वारीच्या दाण्याहून थोडासा मोठा… आणि जेवणानंतर बडीशेप टाकावी तितक्या सहजपणे मी तो तोंडात टाकला.

"अंकल, अंकल! कॅनॉट ईट, लाह!" असं ओरडत रेंजच्या पार त्या टोकापासून कोच धावत आले. मी शिसं रुमालात थुंकलं. शेजारच्या चिनी आजोबांनी अत्यंत गंभीरपणे स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. आणि माझी चौदा वर्षांची मुलगी, इरा, छताकडे अशी बघत राहिली की जणू हा गृहस्थ तिच्याबरोबर आलेलाच नाही.

ती इराच्या शाळेतल्या एअर रायफल क्लबची पालकांची सकाळ होती. सेरंगूनच्या आमच्या घरून निघताना तिने बजावलं होतं, "बाबा, प्लीज, आज नॉर्मल वाग." खरं तर तिला धास्ती माझी नव्हती. गेले काही आठवडे तिचा नेम भरकटत होता, संघातून ती राखीव खेळाडूंत गेली होती, आणि एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, दाराला टेकून तिने हळूच सांगितलं होतं, "आजपण असंच झालं ना, तर आय क्विट." मी उपदेशासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात मधुराने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्या पावलावर पाऊल ठेवून ते बंद केलं.

त्यानंतर मी काय केलं, तर शिसं खाल्लं!

पण दोष माझ्या हाताला लागलेल्या सवयीचा, आणि ती सवय अण्णाकाकांच्या बंदुकीची. माझे हे चुलते सावंतवाडीच्या अलीकडच्या आमच्या गावी राहायचे, आणि त्यांच्याकडे गारगोटीवर चालणारी, बारीक नळीची, ठासणीची बंदूक होती – गोळी वाटाण्याएवढी, थाट मात्र तोफेचा. दसऱ्याला कोयत्या-विळ्यांबरोबर तिचीही पूजा व्हायची. दस्त्यावर हळदकुंकू, नळीला झेंडूची माळ… आणि दुपारची जेवणं झाली, की परसामागच्या जांभ्याच्या दरडीशी झाडाला चुन्याचा ठिपका दिलेली करवंटी टांगून आम्हा मुलांना एकेक बार मिळायचा. म्हशीच्या शिंगातली दारू मोजून नळीत ओतायची, जुन्या धोतराची चिंधी तोंडात धरून चांगली ओली करायची, तिच्यात गोळी गुंडाळून गजाने ठासायची, नळीच्या बुडाशी असलेल्या भोकात, म्हणजे बंदुकीच्या कानात, चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, घालायची, हे सगळं काका देवाच्या पूजेइतक्या सावकाश करवून घेत. तोंडात चिंधी असेतो बोलायचं नाही, हा नियम. "रोजच ठासा की बंदूक," काकू ओटीवरून म्हणायची, "तेवढीच घरात शांतता!" गंधकाचा तो उग्र वास, झेंडूचा कडवट वास आणि चिंधीला लागलेली साबणाची चव… अजून जिभेवर आहे, आणि बंदूक भरायची म्हटलं की हात आधी तोंडाकडेच जातो.

त्या बंदुकीचा स्वभाव मात्र विलक्षण. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आदळायची, ठिणगी पडायची, कानातली रंजक फस्सकन पेटायची, आणि मग, सगळं जग श्वास रोखून उभं राहिल्यासारखा एक इवलासा अवकाश जाऊन, बार व्हायचा. तो अवकाश मला सोसायचाच नाही. मी मूळचाच घायकुत्या. आजही लिफ्टचं पेटलेलं बटण पुन्हापुन्हा दाबत राहतो. ठिणगी पडताच मी डोळे मिटायचो, मान उचलायचो, आणि गोळी दरवर्षी दरडीत भलतीकडेच घुसायची. शेवटी अण्णाकाका माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "अरे, ठिणगी पडली म्हणजे संपलं असं नसतं. बार होऊन धूर निवेस्तोवर बघत राहा. करवंटी पळून जात नाही." त्या दसऱ्याला मी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून तो अवकाश पार केला. धूर विरला, तेव्हा झाडावर नुसती दोरी झुलत होती!

तर इथे, एसीच्या गारठ्यात, दुसरा छर्रा मी सभ्यपणे रायफलीतच भरला. नेम धरला, चाप ओढला. फट्ट! छर्रा केव्हाच गेला होता, पण माझा गाल दस्त्यावर, डोळा नळीवरच्या माशीवर, मी आपला बार व्हायची वाट बघत तसाच.

"सी अंकल!" कोच मुलांना ओरडून सांगू लागले. "शॉट फिनिश, हेड नेव्हर मूव्ह! एव्हरी वीक आय टेल यू!" मग त्यांनी स्क्रीन पाहिला. माझा छर्रा सगळी वर्तुळं सोडून निशाणाच्या पार कोपऱ्यात गेला होता. "बट एमिंग…" एवढंच बोलून ते सौजन्याने थांबले.

इरा मात्र हसली नाही. "बाबा, तू बघत काय होतास एवढा वेळ?"

"करवंटी."

"करवंटी?"

मी अण्णाकाकांचं वाक्य तिला जसंच्या तसं सांगितलं. चाप ओढल्याबरोबर तिची नजर गुणांसाठी स्क्रीनवर जाते, मान उचलली जाते, हे कोच तिला किती आठवडे सांगत होते! मग ती उभी राहिली, ओठांत काहीतरी पुटपुटली, आणि प्रत्येक छर्ऱ्यानंतर तशीच… पुतळ्यासारखी. सगळे छर्रे मध्यापासून जरा डावीकडे, पण एकमेकांना खेटून पडले होते. "डावीकडे जातायत ते साइट फिरवून ठीक होतं, बाबा," ती धापा टाकत म्हणाली. "पण एकत्र आले ना!" परतताना एमआरटीत क्लब सोडायचं नावही निघालं नाही. "शनिवारी प्रॅक्टिस आहे. तू आलास तरी चालेल," म्हणाली, "फक्त काही खाऊ नकोस."

अण्णाकाका आता नाहीत. बंदुकीचा परवाना पुढे कुणी घेतला नाही, ती चौकीत जमा झाली. दरड फोडून रस्ता गेला. ठिणगी आणि बार यांच्या मधला तो इवलासा अवकाश तेवढा माझ्याकडे उरला होता, आणि तो आता शनिवारी इराबरोबर रेंजवर जाईल…

हे असलं काहीतरी मनात घोळवत मी आमच्या ब्लॉकखाली लिफ्टचं बटण दाबत उभा होतो. मधुरा म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच आज तुला कशाची तरी वाट बघताना पाहिलं. छान दिसत होतास." मग माझं बोट बटणावरून अलगद बाजूला करत म्हणाली, "लिफ्टही पळून जात नाही."