ओट्यावरच्या दोन बाटल्या

जिन्याच्या पायथ्याशी एक कुंडी होती. तिच्यातलं रोप दोन वर्षं ना धड जगत होतं, ना धड मरत होतं. कुणी लावलं हे कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे ते काढून टाकायचा अधिकारही कुणाकडे नव्हता. यंदा मात्र त्याला एकाएकी अशी तरारी आली, की तळमजल्यावरच्या मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून ते दाखवू लागल्या.

"बघितलंत का वहिनी? हाताचा गुण लागतो त्याला."

"तुम्ही घालता होय पाणी?"

"छे! माझी कंबर कुठे वाकतेय? मी नुसता पानांवरून हात फिरवते."

वहिनी हसल्या आणि औषधांची पिशवी या हातातून त्या हातात घेऊन जिना चढू लागल्या. नुसत्या हात फिरवण्यानं झाडं वाढत नाहीत, हे खरं तर तेव्हाच त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्यांचं डोकं त्या दिवसांत दोन बाटल्यांत अडकलेलं होतं.

त्या दोन बाटल्या त्यांच्या ओट्यावर शेजारी शेजारी असायच्या. छोटी दादांची, मोठी लेकीची. सकाळी वहिनी दोन्ही भरायच्या. छोटीतलं पाणी दादांना दिवसभर पुरवायचं होतं. ते दुपारीच संपायचं. मोठीतलं लेकीनं दिवसभरात संपवायचं होतं. एकाला 'पिऊ नका' म्हणायचं, दुसरीला 'पी गं बाई' म्हणायचं, आणि दोघांचंही तोंड वाकडंच बघायचं, असा वहिनींचा दिवस होता.

दादा म्हणजे वहिनींचा नवरा. उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवण्यात त्यांची उभी हयात गेली. कामावर त्यांना सगळे 'वरचे दादा' म्हणायचे. खाली उभा राहून हातवारे करणारा तो खालचा दादा, आणि ढगात बसलेले हे वरचे. वर काचेची एक खोली, तीही आपल्या न्हाणीघराएवढी. लोखंडी शिडीनं चढायला इतका वेळ लागायचा, की एकदा वर गेलेला माणूस संध्याकाळीच खाली यायचा.

अशा माणसाला आतड्याचा जुनाट आजार जडला. पोटात मुरडा आला की आला. तो ना वेळ बघायचा, ना उंची. पहिल्या वर्षी दोनदा क्रेन मध्येच थांबली. तुळई हवेत लोंबकळत राहिली आणि दादा शिडीवरून घाईघाईनं उतरत राहिले. खाली उभे असलेले सगळे वर बघत होते. तिसऱ्यांदा असं झालं तर दुसरा माणूस बघू, असं मुकादमानं बजावलं.

तेव्हा वहिनींनी यावर तोड काढली. सकाळी चहा नाही, दूध नाही, पाणी जीभ ओली होण्यापुरतं. कोरडा भाजलेला पाव आणि उकडलेला बटाटा. वर डबा न्यायचाच नाही. संध्याकाळी घरी आल्यावर काय खायचं-प्यायचं ते. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार, असा साधा हिशेब. घरात त्याला 'कोरडा दिवस' म्हणायचे. तो लागू पडला. पुढे इतकी वर्षं दादांच्या पोटापायी क्रेन एकदाही थांबली नाही. पाठ दुखली की अंगदुखीची गोळी तेवढी कोरडीच गिळायची. 'वरचे दादा हवेवर जगतात' असं साईटवर म्हणायचे. दादा घरी येऊन ते कौतुकानं सांगायचे आणि वहिनींना वाटायचं, यात अर्धा वाटा आपला आहे.

मग पायांवर सूज आली, तोंडाची चव गेली, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दोन्ही किडन्या आक्रसल्या आहेत.

"कशानं हो?" वहिनींनी विचारलं.

"एकाच कारणानं नाही होत असं," बाई समजुतीनं म्हणाल्या. "पण इतकी वर्षं जुलाब, त्यात अंगात पाणी नाही, वर त्या दुखण्याच्या गोळ्या. किडनी किती सोसणार?"

वहिनींना ते कोरडे दिवस आठवले. दादा मात्र बाहेर येऊन म्हणाले, "बघ, आता घरी आहे, संडास दहा पावलांवर आहे, ढसाढसा पाणी प्यावं म्हटलं तर म्हणे प्यायचं नाही. आपलं टायमिंगच चुकलं." त्या हसल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी छोटी बाटली शोधून काढली.

तेव्हापासून एक दिवसाआड डायलिसिस. मशीनवरून आल्यावर दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. कधी तोंड धुवायला म्हणून जायचे आणि नळ जरा जास्तच वेळ वाहत राहायचा. वहिनी बाहेर उभ्या राहून ऐकायच्या. दार वाजवावं तर माणसाची लाज जाते, न वाजवावं तर पाणी फुप्फुसात चढतं. कधी वाजवायच्या, कधी नाही.

लेक एकच. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. कॉलेजात असतानाच तिचं पोट बिघडायला लागलं, आणि बापाचाच आजार लेकीला, असं निदान झालं. आता ती बस स्थानकावर तिकीट खिडकीत बसायची. तिच्याकडेही डोळ्यात तेल घालून बघा, भरपूर पाणी पाजा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तिच्या गेल्या तपासणीत किडनीचा आकडा जरासा वर सरकला होता. "अजून हातात आहे," त्या म्हणाल्या होत्या. ते तीन शब्द वहिनींनी घट्ट धरून ठेवले होते. आणि मोठी बाटली रोज रिकामी होऊन येत होती, म्हणून त्या निश्चिंत होत्या.

एका संध्याकाळी त्या दादांच्या गोळ्या घेऊन परतल्या तर जिन्याच्या पायथ्याशी भिंगरी पाठमोरी वाकलेली दिसली. आधी वाटलं, चपलेचा पट्टा तुटला असेल. मग बाटलीतून पाणी ओतल्याचा आवाज आला. शेवटचा थेंब कुंडीत पडेपर्यंत तिनं बाटली उलटी धरली होती.

"काय करतेस?"

भिंगरी दचकली. "काही नाही. झाडाला पाणी."

"आणि तुला?"

तिनं बाटलीचं झाकण लावलं. मावशींच्या दारामागे रेडिओ चालू होता. वहिनींनी त्या तुकतुकीत पानांकडे पाहिलं. दोन महिन्यांचं पाणी होतं ते, त्यांनी गाळून, उकळून, गार करून भरलेलं.

"बाबांचा कोरडा दिवस," भिंगरी हळूच म्हणाली. "मीही तोच करते. जमतो गं. मला काही त्रास होत नाही."

वहिनींनी तिच्या हातातली रिकामी बाटली काढून घेतली.

रात्रभर त्यांनी पोरीला काही म्हटलं नाही. म्हणणार तरी काय? युक्ती त्यांचीच होती. पण हातावर हात धरून बसणंही त्यांना जमेना. दुसऱ्या दिवशी दादांना मशीनवर पोचवलं आणि तिथून त्या थेट बस स्थानकावर गेल्या, पिशवीत पाण्याची बाटली आणि पेला घेऊन.

खिडकीपुढे ही मोठी रांग. वहिनी रांगेत उभ्या राहिल्या. काचेआड भिंगरीची बोटं भराभर चालत होती; चेहरा असा, की आपल्याच मुलीला त्या क्षणभर परकं माणूस समजल्या. ओठांवर पापुद्रे आले होते. घरी हे कसं दिसलं नाही आपल्याला?

"कुठे जायचंय?" भिंगरीनं मान वर न करता विचारलं.

"कुठे नाही. पाणी पी." काचेखालच्या फटीतून बाटली जाईना, म्हणून वहिनींनी आणलेला पेला भरून आत सरकवला.

"आई! तू इथे काय... जा ना, प्लीज."

"प्यायल्याशिवाय नाही जायची."

मागून आवाज आले. "अहो काकू, तिकीट घ्या नाहीतर बाजूला व्हा!" "गाडी सुटतेय आमची!" "पाणपोई आहे का ही?"

रांग गप्प बसावी म्हणून भिंगरीनं पेला उचलला आणि घटाघटा रिकामा केला. वहिनींनी दुसरा भरला. तोही तिनं संपवला. वहिनी बाजूला झाल्या, बाकावर बसल्या. त्यांना जरा बरं वाटलं.

ते बरं वाटणं फार वेळ टिकलं नाही. सकाळपासून सुकलेल्या पोटात एकदम पाणी गेलं, आणि थोड्याच वेळात भिंगरीचा हात पोटावर गेला. तिनं शटर पाडलं. 'पाच मिनिटांत येते' असं ती ओरडून सांगत होती, पण रांगेच्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार? ती स्थानकाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या स्वच्छतागृहाकडे धावली. पाच मिनिटांची वीस झाली. एकानं शटरवर हात आपटले. "पगार कशाचा घेतात हो?" दुसरा म्हणाला, "चहाला गेल्या असतील राणीसाहेब." तिसऱ्याची बस खरंच गेली, तो तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरला.

वहिनी बाकावरून उठल्या, साहेबांना काही सांगावं म्हणून दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. काय सांगणार? माझ्या मुलीला जुलाब होतात, असं भर स्थानकात? भिंगरी परत आली, भिंतीला धरून चालत. तिनं आईकडे पाहिलंही नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दादा खाटेवर टेकून बसले होते. छोटी बाटली केव्हाच रिकामी झाली होती.

"लेखी ताकीद मिळाली," भिंगरीनं पर्स टेबलावर टाकली. "पुन्हा असं झालं तर खिडकी दुसऱ्याला. साहेबांना म्हटलं, आत ऑफिसात काहीतरी द्या. तर म्हणाले, आत जागा नाही, घरी आहे का बघा."

"मी पुन्हा नाही येणार गं," वहिनी म्हणाल्या.

"प्रश्न तू येण्याचा नाही आई. पाणी प्यायले तर खिडकी जाते. नाही प्यायले तर किडनी जाते. आणि खिडकी गेली तर..." ती थांबली.

"तर माझं मशीन जातं," दादांनी वाक्य पूर्ण केलं. दादांचे उपचार भिंगरीच्या नोकरीच्या सवलतीवर चालत होते. हे तिघांनाही माहीत होतं, पण मोठ्यानं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. "मग सोपंय. माझं बंद करा. मी तसाही हवेवर जगणारा माणूस."

"गप्प बसा!" मायलेकी एकदमच ओरडल्या. एका सुरात, एकाच चिडीनं. मग त्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

दादांनी डोक्यावरून हात फिरवला. "वर बसलो की सगळं दिसायचं मला," ते म्हणाले. "कुठला ट्रक कुठे वळणार, कुणाच्या डोक्यावर काय येणार. म्हणून कधी अपघात नाही झाला माझ्या हातून." भिंगरी त्यांच्या पायाशी बसली आणि पायाची सूज बोटानं दाबून बघू लागली. दाबलेल्या जागी पडलेला खळगा भरून यायला वेळ लागत होता.

वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. एवढी वर्षं घरातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांनी काहीतरी तोड काढली होती. आता त्या मनातल्या मनात सगळीकडे फिरून आल्या, साहेबांकडे, डॉक्टरीणबाईंकडे, दुसऱ्या नोकरीकडे. पण दुसरी नोकरी लागेपर्यंत मशीन थांबत नाही, आणि नवीन जागी सवलत लगेच मिळत नाही. जिथून निघाल्या तिथेच परत आल्या.

"एक ऐकशील?" त्या शेवटी म्हणाल्या. "जमेल तेवढंच पी. दोन घोट तर दोन घोट. पण उरलेलं कुंडीत ओतू नकोस. घरी आण. मला खरं काय ते कळू दे."

"कळून काय करणार तू?"

वहिनींनी मोठी बाटली विसळायला घेतली. "आण," एवढंच त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मोठी बाटली तशीच घरी येऊ लागली. भिंगरी ती ओट्यावर ठेवायची आणि आत जायची. कधी गळ्यापर्यंत भरलेली, कधी चार बोटं कमी. चार बोटं कमी असली की वहिनींना त्या दिवशी जेवण जायचं. एकदा अर्धी आली. त्या रात्री त्यांनी मनात काय काय मनोरे रचले. दुसऱ्या दिवशी बाटली पुन्हा जवळजवळ भरलेलीच आली, आणि पुढच्या तपासणीची तारीख जवळ येत होती.

एके दिवशी मावशींनी जिन्यात गाठलं. "वहिनी, झाडाला बघा ना काय झालंय. पानं पिवळी पडली हो. मी हात तर रोज फिरवते."

वहिनी वर गेल्या. ओट्यावर बाटली होती. त्यांनी ती खिडकीतल्या उजेडात धरून पाहिली. दोनच बोटं कमी होती. खाटेवरून दादा बाटलीकडे बघत होते. त्यांचा घसा गिळल्यासारखा हलला, आणि मग त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

वहिनींनी बाटली पदराखाली घेतली. जिना उतरून त्या खाली गेल्या आणि सगळं पाणी हळूहळू कुंडीत ओतलं.