प्रत्येकाला निराळा विषय

देवावरसुद्धा पाळत ठेवायला हवी असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझा अगदी जवळचा मित्र होता. एम.ए.ला आम्ही एका वर्गात होतो आणि पुढे एकाच सरांच्या हाताखाली दोघांनी प्रबंधासाठी नाव घातलं. मी परळच्या चाळीतला, तो गिरगावातल्या एका जुन्या घराण्यातला. एके काळी निम्मी गल्ली त्यांची होती म्हणे, आणि उरलेली निम्मी कुणी लाटली याबद्दलही त्याचा पक्का संशय होता. हा गुण त्याला घरातूनच मिळाला असावा. मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या मोठ्या काकींनी पाण्याचा पेला माझ्या हातात दिला आणि मी पाणी संपवेपर्यंत माझं कूळ, गाव आणि येण्याचं खरं कारण काढून घेतलं. "आमच्याकडे कुणी सही मागितली ना, की आधी सगळ्यांचे चष्मे हरवतात," असं त्या मोठ्या अभिमानानं सांगत.

कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये तो भिंतीला पाठ लावूनच बसे. चहात साखर थोडी जास्त पडली तर दुसरा कुणी खूश झाला असता, हा गल्ल्यावरच्या माणसाकडे बघत पुटपुटे, "आज याचं काय काम आहे आपल्याकडे?" किती वाजले हे तो कधी एका माणसाला विचारून थांबला नाही. सव्वाचार म्हणणाऱ्याकडे तो असा काही बघे, की त्या बिचाऱ्यानं घड्याळ काढून कानाला लावावं. एका वर्षी आम्ही त्याला वाङ्मय मंडळाच्या चिटणीसपदाला उभा केला. विरोधात कुणाचाच अर्ज आला नाही. माणूस पेढे वाटेल की नाही? हा तडक प्राध्यापकांच्या खोलीत गेला. "बिनविरोध? का? यामागे कोण आहे?" त्याच्या हट्टापायी पुन्हा अर्ज मागवावे लागले, गंमत म्हणून एका पोरानं भरला आणि ते पोरच भरघोस मतांनी निवडून आलं. आमच्या मित्राचा चेहरा इतका उजळलेला मी क्वचितच पाहिला असेल. "बघ, मी म्हणत नव्हतो? माझ्याविरुद्ध लोक आहेत!" असं म्हणून त्यानं मला स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. दादरपासून लालबागपर्यंत रोज कुठे ना कुठे सभा असे आणि प्रत्येक सभेत साध्या वेशातले पोलीस असत. ते ओळखायचा त्याचा एक सिद्धांत होता. ऐकायला आलेला माणूस व्यासपीठाकडे बघतो, पोलीस लोकांकडे बघतो. म्हणून लालबागच्या एका सभेत हा व्यासपीठाकडे पाठ करून उभा राहिला आणि लोकांकडे बघणारा कोण आहे ते शोधू लागला. अख्ख्या मैदानात तसा एकच माणूस होता, तो म्हणजे हा. स्वयंसेवकांनी त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"कुठल्या चौकीचा रे तू?"

"चौकीचा कसला? मी विद्यार्थी आहे. प्रबंध लिहितोय."

"कशावर लिहितोयस?"

इथे मात्र आमचा मित्र अडकला. खरा विषय सांगणं शक्य नव्हतं आणि इतक्या लोकांसमोर खोटा सुचेना. विषय सांगता न येणारा विद्यार्थी म्हटल्यावर त्यांची खात्रीच पटली. मी धावत जाऊन त्याच्याबद्दल ग्वाही दिली म्हणून तो सुटला, नाहीतर चांगलाच प्रसाद मिळाला असता. आम्ही परळच्या दिशेनं चालू लागलो. तो सारखा मागे वळून बघत होता. मला वाटलं, घाबरलाय. मग एकदम थांबून मला म्हणाला, "त्यांना माझ्या विषयात एवढा रस का असेल रे?"

कारण हा विषय चोरण्यासाठी सगळी मुंबई टपून बसली आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तेव्हा चिठ्ठी लिहून दिली की शिपाई आतून पुस्तक आणून देई. हा पठ्ठ्या हव्या असलेल्या एका पुस्तकाबरोबर नको असलेली चार-पाच मागवी, म्हणजे टेबलावरचा ढीग पाहून कुणाला पत्ता लागू नये. नुसती मागवून ठेवली तर शंका येईल म्हणून ती वाचीही. त्यामुळे मधमाश्यांचे आजार, तिबेटातल्या खिंडी, तंतुवाद्यांची लाकडं यांवर तो तासन् तास बोलू शके. फक्त प्रबंध तेवढा पुढे सरकत नसे.

एके दिवशी कॅन्टीनमध्ये कुणीतरी त्याला सहज विचारलं, "काय, विहिरींचं कुठवर आलं?" तो शांतपणे माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "तू फुटलास. विहिरी फक्त तुला सांगितल्या होत्या." तेव्हा मला कळलं, की त्यानं आम्हा प्रत्येकाला निराळा खोटा विषय सांगून ठेवला होता. जो विषय बाहेर येईल त्यावरून फुटलेलं भांडं ओळखायचं. मी आईजवळ बोललो होतो आणि आईनं चाळीत. दादरच्या मित्राला दिलेल्या घोड्यांच्या ट्रामगाड्या तर कधीच चव्हाट्यावर धावू लागल्या होत्या. खरा विषय सर सोडून कुणालाही ठाऊक नव्हता.

एकाच ठिकाणाहून काही बाहेर आलं नाही. आमच्याच सरांकडे प्रबंध लिहिणारी एक मुलगी होती, वरळीच्या कोळीवाड्यातली. बोलायला मोजकी, पण डोळ्याला डोळा देऊन बोलणारी. तिच्याबरोबर चहा घ्यायचा असला की आमचा मित्र भिंत सोडून खुशाल दाराकडे पाठ करून बसे. त्याच्यासारख्या माणसाच्या बाबतीत याला प्रेम म्हणायला काहीच हरकत नव्हती, आणि तिलाही तो आवडतो हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्याला मात्र पुरावा हवा होता. म्हणून त्यानं तिलाही एक विषय देऊन ठेवला होता, मुंबईचा मासळीबाजार, आणि वर 'कुणाला बोलू नका' असं बजावलं होतं.

"वर्ष होत आलं. एक शब्द बाहेर नाही," तो एकदा मला म्हणाला.

"मग झालं तर! मुलगी खरी आहे. घरी बोलणी कर."

"एवढं गप्प कोण बसतं रे? ती वापरतेय तो विषय. परवा तिनं मासेमारीवरचं पुस्तक मागवलं, मी स्वतः पाहिलं."

या माणसापुढे हात टेकण्यापलीकडे काही करता येत नसे.

मग एकदा तिनंच आम्हाला रविवारी घरी बोलावलं. "तुमच्या कामाचं आहे," एवढंच म्हणाली. सापळा असणार म्हणून त्यानं मला साक्षीदार म्हणून बरोबर नेलं. जाऊन पाहतो तर ओटीवर तिचे वडील, चुलते आणि शेजारची म्हातारी माणसं धुतलेले कपडे घालून आमची वाट बघत बसलेली. तिची काकी बाजारात मासळी विकायला बसे. तिनं याला नीट निरखून घेतलं.

"वरीस झाला, ही पोर आमचा जीव खाते. जाल्याचा विचारते, बाजाराचा विचारते, जुनी बंदरा विचारते. कनाला पायजे तं सांगत नाय. आज समजला, तुमचेसाठी होता. विचारा आता काय विचारायचा तो!"

ती दारात उभी होती. इतक्या दिवसांचं काम पुरं झाल्यासारखी हसत होती. आमचा मित्र परक्या घरी पाणीसुद्धा वास घेऊन पिणारा, त्या दिवशी समोर आलेले तळलेले बोंबील न बघता खात राहिला. त्यानं काय विचारलं आणि त्यांनी काय सांगितलं, यातलं त्याच्या कानात काही शिरलं असेल असं मला वाटत नाही.

परत येताना समुद्राच्या कठड्याशी तो थांबला. "तिनं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं रे."

"मग आता तू तिला खरं सांग. आजच सांग."

"नको. खोटं सांगितलं होतं, तेच आता खरं करतो."

आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी त्यानं विषय बदलून मागितला. इतर कुणी असता तर क्षमा मागून मोकळा झाला असता. याला आयुष्यातली दोन-तीन वर्षं घालवणं सोपं वाटलं. सर भडकले. इतकं जमवलेलं काम सोडणाऱ्या माणसाची समजूत कुणी घालावी, तर त्यांना तीच आठवली. "तुमचं ऐकेल तो," सर तिला म्हणाले, "बंदरावरच्या जकातीचा इतका चांगला विषय टाकून मासळीबाजार कसला धरतोय?"

ग्रंथालयाच्या जिन्यात तिनं त्याला गाठलं. मी दोन पायऱ्या खाली होतो.

"मला का नाही सांगितलंत?"

एवढंच विचारलं तिनं. त्याला काहीही म्हणता आलं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलायची घाई झाली होती त्याला.

"तुम्हालाच असं नाही हो. सगळ्यांनाच खोटं सांगितलं होतं."

"म्हणजे मी त्या सगळ्यांतलीच," ती म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

भांडण झालंच नाही. ती त्याच्याशी बोलायची, पण हवापाण्याचं आणि सरांच्या तब्येतीचं. मी मध्ये पडून पाहिलं. "राग नाही हो माझा," एवढंच तिनं मला सांगितलं, आणि मला फार वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. महाराष्ट्राचं राज्य झालं त्याच्या आसपास तिचं लग्न झालं. तिची काकी स्वतः येऊन याला आमंत्रण देऊन गेली. हा गेला, जेवला आणि आहेर करून आला. मासळीबाजारावरचा प्रबंध त्यानं पुरा केला, आणि जकातीचं जमवलेलं सगळं एका नव्या विद्यार्थ्याला देऊन टाकलं, साधा पत्ताही न विचारता.

त्यानंतर हा माणूस जो बदलला तो बदललाच. दारावर आलेला कुणीही त्याला काहीही विकून जाई. पुढे अँटॉप हिलला राहायला गेला तिथे तर शेजाऱ्यांकडे किल्ली टाकून गावाला जाऊ लागला. एकदा मी चिडून म्हटलं, "अरे, जरा चौकशी तरी करत जा!" तो हसला. "फसलेलं परवडतं रे," म्हणाला, आणि मला चहा ओतून दिला.

बऱ्याच वर्षांनी ती मला दादरच्या भाजीबाजारात भेटली. केस पिकले होते, बोलणं तसंच मोजकं. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, "ते कसे आहेत?" तिनं हसावं म्हणून मी जरा मीठमसाला लावूनच सांगितलं, की आता हा कुणावरही विश्वास ठेवतो, उठल्यासुटल्या फसतो, परवाच कुणी त्याच्या गळ्यात बंद पडलेलं घड्याळ मारलं. ती हसली नाही. हातातली मेथीची जुडी पिशवीत ठेवायची राहूनच गेली.

"एकटेच असतात ना अजून?" ती म्हणाली. "मग तुम्ही जरा लक्ष ठेवा त्यांच्याकडे."