कारणं खाली देतो

"चूक. कारणं खाली देतो."

सरांचं कुठलंही उत्तर याच दोन वाक्यांनी सुरू व्हायचं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. प्रोग्रामर लोकांचा इंटरनेटवर एक अड्डा होता. जगभरातले लोक तिथे इंग्रजीत वाद घालत, आणि इंदूरच्या मल्हारगंजातल्या एका खोलीतून, नाहीतर ऑफिसातल्या टेबलावरून, आमचे सर त्यात उडी घेत. इथे त्यांचं जे जे देते आहे ते मराठीत मीच उतरवलेलं आहे. धार थोडी कमीच झाली असेल.

असे लोक तुम्हीही पाहिले असतील. पण तुम्ही पाहिलेत त्यांना एकच तोंड असेल. सरांना दोन होती.

आमचं ऑफिस राजवाड्याजवळ, एका कापडाच्या दुकानाच्या वर. ठोक व्यापाऱ्यांसाठी बिलं बनवायचं सॉफ्टवेअर आम्ही विकायचो. ते मूळ सरांनी लिहिलेलं. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, दिसायला अगदी दरिद्री. पण इंटरनेट असो नसो, जुन्यात जुन्या कंप्युटरवर ते निमूट चालायचं. मी आणि आमच्या ताई, आम्ही दोघी फोनवर बसायचो. दुकानदार अडला की आम्हाला फोन करायचा. "मैडम, पर्ची नी निकल री." की आम्ही विचारायचं, भिया, प्रिंटर चालू आहे का? बहुतेक वेळा नसायचा.

सर आमच्या मागच्या टेबलावर. टाइप करायचे दोन बोटांनी. चिडले की आधी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायचे, मग ओठ घट्ट मिटून लिहायला लागायचे. टेबलावरचा चहा तसाच राहायचा आणि आम्ही दोघी एकमेकींना डोळ्यांनी खुणावायचो, आज कोणाची तरी शंभरी भरली.

त्यांच्या लिखाणात 'मला वाटतं' हे शब्द कधी नसायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मला वाटतं लिहिलं की वादाला गादी घातल्यासारखं होतं गं. समोरचा आरामात बसतो." प्रोग्राम लिहिताना ओळीच्या सुरुवातीला जागा कशी सोडायची, या विषयावर ते एक अख्खा हिवाळा भांडले होते. स्वेटर निघाले, पंखे लागले, तरी वाद चालूच. कोणी तरी वैतागून लिहिलं, तुम्ही उद्धट आहात. सरांचं उत्तर: "हो. आता मुद्द्याचं बोला."

आणि हाच माणूस समोरासमोर? मल्हारगंजातला भाजीवाला त्यांच्या पिशवीत निम्मी सडलेली गिलकी टाकायचा आणि सर म्हणायचे, "चालेल, चालेल." रिक्षावाला भलत्याच चौकात उतरवायचा. "चालेल." गल्लीतल्या कोणाचाही मोबाइल बिघडला तर तो सरांकडे, आणि नाही म्हणायची सोय नाही. वहिनी एकदा ऑफिसात डबा द्यायला आल्या होत्या तेव्हा आम्हाला म्हणाल्या, "तिथे म्हणे यांना सगळे घाबरतात! मशीनमध्ये शेर हैं, और भाजीवाल्यापुढे शेळी." सर ऐकून हसले. वहिनींनाही त्यांनी उलट उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नाही.

त्यामुळे आमच्या ऑफिसात एक रीतच पडली होती. सरांचं मत हवं असेल तर त्यांना विचारायचं नाही. विचारलंत तर "छान आहे" म्हणतील. दुसऱ्या दिवशी सकाळी अड्ड्यावर जाऊन वाचायचं. डायरेक्टर साहेबांच्या भाच्याने एकदा मोठ्या थाटात बिलाचा नवा नमुना दाखवला, गुलाबी बटणं, फिरणारी चक्रं. सर म्हणाले, छान आहे. दुसऱ्या दिवशी पोहे खाता खाता आम्ही वाचलं: "काही लोक बिल बनवतात की लग्नाची पत्रिका, कळत नाही. बटण फिरेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलेलं असतं." नाव कोणाचंच नाही. भाचाही आमच्यात बसून खो खो हसला, बिचाऱ्याला कळलंच नाही. डायरेक्टर साहेब तर असलं काही वाचतच नसत.

आम्हाला यात गंमत वाटायची. अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू. परदेशातल्या एका मोठ्या इंजिनियरला सरांनी लिहिलं होतं, "हे ज्याने बनवलं त्याने ते स्वतः वापरलेलं नाही." आणि त्या माणसाने माफी मागून चूक दुरुस्त केली होती. त्या दिवशी आम्ही जिलेबी मागवली. आपल्या मागच्या टेबलावर एवढा खमका माणूस बसतो, या भरवशावर आम्ही होतो.

मग आमचीच पाळी आली.

डायरेक्टर साहेबांनी ठरवलं की जुनं सॉफ्टवेअर बंद करायचं. आता सगळं इंटरनेटवर. आणि फोनचं टेबलही बंद. दुकानदार अडला तर त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या खिडकीत प्रश्न लिहायचा, मशीन उत्तर देईल. म्हणजे ताई घरी आणि मीही घरी. ताईंचे यजमान अंथरुणाला खिळलेले, माझं घर माझ्या पगारावर चालणारं. हे सगळ्यांना माहीत होतं, सरांनाही.

सगळ्यांची मीटिंग व्हायची होती. तिच्या आधीच्या आठवड्यात अड्ड्यावर नेमका हाच विषय निघाला, आणि सर असे तुटून पडले की विचारू नका. "चूक. कारणं खाली देतो. दुकानात गर्दी आहे, बिल अडकलं आहे, गिऱ्हाईक डोक्यावर उभं आहे, अशा वेळी दुकानदाराला माणसाचा आवाज लागतो. तिथे मशीन बसवणारा कधी दुकानात उभा राहिलेला नाही." पुढे कितीतरी ओळी. आमच्या गल्ल्यांत कोणीही खोदकाम करतं आणि इंटरनेटची तार तोडतं, मग बिलं काय हातावर लिहायची का, हेसुद्धा होतं. ताईंना इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी डोळे पुसले.

मी वळून म्हटलं, "सर, मीटिंगमध्ये हेच बोलाल ना?"

"हो हो. बोलूया की."

"नक्की ना, सर? तुमचं ऐकतील ते. आमचं कोण ऐकणार?"

"अगं, बोलतो म्हटलं ना."

मीटिंगमध्ये आम्ही दोघी भिंतीला लागून मागच्या खुर्च्यांवर होतो. डायरेक्टर साहेबांनी सगळं समजावून सांगितलं. मग ते स्वतःहून सरांकडे वळले. माणूस वाईट नव्हता, मनापासून विचारत होता. "सर, आप सबसे सीनियर हो. ये सब आप ही का बनाया हुआ है. आपको कोई दिक्कत?"

सरांनी चष्मा काढला. पुसला. चष्मा पुसला म्हणजे आता सुरू होणार, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालेलं.

"नहीं... वैसे तो... देख लेंगे," सर म्हणाले.

"बढ़िया," डायरेक्टर साहेब म्हणाले, आणि पुढचा विषय निघाला.

ताई माझ्याकडे बघत होत्या. मी समोर बघत होते. सरांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं नाही.

दिवाळीच्या आत टेबल उठलं. सरांची नोकरी राहिली, त्यांच्या निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. जाताना मी त्यांना नमस्कार केला. ते म्हणाले, "येत जा." मी म्हटलं, हो. राग नव्हता आला, असं सांगता येणार नाही. पण त्या रागापेक्षा थकवाच जास्त होता. ज्या माणसाला इतकं नेमकं कळतं, त्याच्याकडून दोन वाक्यं निघू नयेत? मग त्या सगळ्या कारणांचं करायचं काय?

मला पोलोग्राउंडला एका कारखान्यात काम मिळालं. माल आला, माल गेला, हे कंप्युटरवर चढवायचं. तिथे दुपारी डबा खाताना मी जुन्या सवयीने अड्डा वाचायची. सर तिथे पूर्वीसारखेच होते. आणि एके दिवशी वाचलं, कंपन्या माणसं काढून मशीन बसवतात त्यावर वाद चालू होता आणि सरांनी लिहिलं होतं: "आमच्याकडेही हेच झालं. मी सुरुवातीपासून विरोधात होतो."

पोळीचा घास हातातच राहिला. मला वाटतं, त्यांना ते खरंच वाटत असावं. इतकं लिहिल्यावर आपण बोललोच आहोत, असं त्यांचं त्यांना झालं असेल. अड्ड्यावरच्या माणसाचं असंच होतं, लिहिलं म्हणजे केलं.

मी पहिल्यांदा तिथे खातं उघडलं. मी माणूस आहे हे सिद्ध करायला मला बसगाड्यांची चित्रं ओळखावी लागली. मग माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं: "सर, त्या खोलीत मी होते. तुम्ही 'देख लेंगे' म्हणालात."

पाच-दहा मिनिटांत लोक माझ्यावर धावून आले. वर्षानुवर्षं ज्यांनी सरांच्या शिव्या खाल्ल्या तेच. बाई, तुम्ही कोण? या माणसाला ओळखता का? याच्याएवढा निर्भीड माणूस इथे दुसरा नाही. एकाने तर लिहिलं, खोटं बोलायलाही अक्कल लागते. मी डबा तसाच बंद केला आणि माल चढवायला बसले.

संध्याकाळी बसमध्ये बघितलं तर सरांचं उत्तर आलेलं होतं. "त्या बरोबर आहेत. मी गप्प बसलो. त्यांना कोणी काही बोलू नये." खाली कारणं नव्हती.

त्यानंतर सरांनी तिथे लिहिलं नाही. लोक काही दिवस चौकशी करत राहिले. मग वाद घालायला त्यांना दुसरं कोणी मिळालं.

पुढे सरांच्या निवृत्तीच्या समारंभाला जुन्या लोकांनाही बोलावणं आलं. ताई येऊ शकल्या नाहीत. मी जाऊ की नको करत गेले. हॉलमध्ये नवी मुलं-मुली बरीच होती. सरांचं जुनं लिखाण त्यांनी वाचलेलं होतं आणि सर भाषणात कोणाकोणाला सोलतात ते ऐकायला ती टपून बसली होती. डायरेक्टर साहेबांनी शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाले, "इतने साल में इन्होंने किसी काम को कभी ना नहीं बोला." टाळ्या. मग माईक सरांच्या हातात दिला.

सर नारळ आणि माईक सांभाळत उभे राहिले. चष्म्याला हात लावला नाही. म्हणाले, "बोलायचं होतं तेव्हा बोललो नाही. आता काय बोलू?"

हॉल हसला. केवढ्याने हसला! सर म्हणजे सरच, असं माझ्या शेजारचा मुलगा म्हणाला. डायरेक्टर साहेबही हसत होते. सर तसेच उभे होते, हसू ओसरेपर्यंत, आणि मग खाली येऊन बसले. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

जेवणाच्या वेळी ते प्लेट घेऊन माझ्याकडे आले. थोडे वाळले होते. मुलाकडे हैदराबादला जाणार, घर बंद करणार, असं काही सांगत राहिले. मग विचारलं, "पोलोग्राउंडला बरं आहे ना?"

"बरं आहे, सर."

"खरं सांग."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कोणाला समोर विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी प्लेटमधली कचोरी उगीच मोडत राहिले.

"नाही, सर. कंटाळा येतो," मी म्हटलं. "तिथे कोणाचा फोनच येत नाही."

सरांनी मान हलवली. 'चालेल' म्हणाले नाहीत, समजूतही घातली नाही. आम्ही दोघं तिथेच भिंतीशी उभे राहून जेवलो.